बोटाच्या टोकावरचा आकडा

२०२१चा एप्रिल. रमजानचा पहिला आठवडा चालू होता. अम्मी सहरीसाठी उठली होती आणि मी सवयीने अब्बांच्या बोटाला तो चिमटा लावला. ९१. अम्मी म्हणाली, "दुसऱ्या हाताला लाव, सेल उतरला असेल." दुसऱ्या हातावर ९०. मग मी स्वतःच्या बोटाला लावला. ९८. सेल उतरलेला नव्हता.

विचित्र गोष्ट अशी की, अब्बा पलंगावर बसून आदल्या दिवशीचा पेपर वाचत होते. धाप नाही, घाम नाही. उलट माझ्यावरच वैतागले, "सकाळी सकाळी काय लावलंयस हे? मला काहीसुद्धा होत नाहीये." पूर्ण वाक्य, एका दमात. डॉक्टर मंडळी त्या काळात याला 'हॅपी हायपॉक्सिया' म्हणत होती. रक्तातला ऑक्सिजन उतरत असतो आणि माणूस गप्पा मारत असतो. अब्बांच्या चेहऱ्यावर जे दिसत नव्हतं ते चिमट्याने सांगितलं, म्हणून आम्ही त्याच दुपारी कोंढव्यातून निघालो आणि सहाव्या फोनला एका दवाखान्यात बेड मिळाला.

चौथ्या दिवशी मला पीपीई घालून पाच मिनिटं आत जाऊ दिलं. अब्बांच्या डोक्याशी मॉनिटर होता. त्यावर ऑक्सिजन ९७ दिसत होता आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तिथली सिस्टर अब्बांची बोटं दोन्ही हातांनी चोळत होती. मी म्हटलं, "सत्त्याण्णव आहे ना?" तिने वर न बघता उत्तर दिलं, "आकडा सोडा, त्याच्या शेजारची लाट बघा." लाट जवळजवळ सपाट होती. "बोट गार पडलं की मशीन काहीही बोलतं." तिने चिमटा काढून दुसरा कानाच्या पाळीला लावला. थोड्या वेळाने लाट नीट उठायला लागली आणि आकडा आला ८८. मग डॉक्टर आले आणि मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासायला पाठवलं.

त्या एका मिनिटात मला कळलं की आम्ही तोवर दोन वेगळ्या गोष्टी एकच समजत होतो. रक्तात ऑक्सिजन किती आहे, ही एक गोष्ट. ते रक्त बोटापर्यंत पोचतंय का, ही दुसरी. अत्यवस्थ माणसाचं शरीर आधी हृदय-मेंदू सांभाळतं आणि हातापायांचं रक्त आखडून घेतं. चिमट्याला नाडीच मिळाली नाही तर तो अंदाज पंचे बोलतो. पुढच्या पंधरा दिवसांत रात्री झोप नव्हतीच, म्हणून मी वाचत बसलो. रक्ताचा आणि हवेचा संबंध माणसाला कळला कधी, आणि त्याचा आकडा कोणी केला?

याचं एक तयार उत्तर आपल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलेलं आहे. विल्यम हार्वेच्या आधी चारशे वर्षं मुसलमानाने रक्ताभिसरण शोधलं आणि इंग्रजांनी ते चोरलं, अशा अर्थाचं. खाली 'माशाअल्लाह' आणि हिरवी हृदयं. यातलं अर्धं खरं आहे, पण उरलेलं अर्धं आपल्याला फारसं सोयीचं नाही.

खरं ते असं. अलाउद्दीन इब्न अल-नफीस, जन्म १२१३, दमास्कसचा. वैद्यक तिथे शिकला, आयुष्य गेलं कैरोत. १२४२ साली, म्हणजे तिशीच्या आतबाहेर, त्याने इब्न सिनाच्या 'कानून'मधल्या शरीररचनेच्या भागावर एक भाष्य लिहिलं. तेव्हा हजार वर्षांपासून चालत आलेलं मत जालिनूसचं, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेनचं होतं. हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त डाव्या कप्प्यात जातं ते मधल्या पडद्यातल्या बारीक छिद्रांतून, असं तो सांगून गेला होता. इब्न सिनासारख्या माणसानेही हे मानलं होतं. इब्न अल-नफीसने लिहिलं की तो पडदा जाड आहे, त्यात ना दिसणारी छिद्रं आहेत ना न दिसणारी. मग रक्त जातं कुठून? उजव्या कप्प्यातून फुप्फुसात, तिथे हवेशी मिसळून, फुप्फुसाच्या शिरेतून डाव्या कप्प्यात. दुसरा रस्ताच नाही. प्रेतं फाडण्यापासून शरियत आणि स्वतःची दयाबुद्धी आपल्याला रोखते, असं तो स्वतः सांगतो. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. मला त्या वादापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की, सगळ्या पुस्तकांत असलेली छिद्रं त्याने मान्य केली नाहीत.

आता उरलेलं अर्धं. संपूर्ण शरीरभर रक्त फिरून पुन्हा हृदयात येतं, हे त्याने सांगितलेलं नाही. ते हार्वेचंच, १६२८चं. धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या १६६१मध्ये इटलीच्या मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. आणि इब्न अल-नफीसचं म्हणणं दाबलं कोणी? कोणीच नाही, ते आपल्याच कपाटात राहिलं. त्याचं 'मूजिज' नावाचं छोटं पुस्तक युनानी मदरशांत शतकानुशतकं शिकवलं गेलं. हिंदुस्थानातले हकीमही ते वाचत. पण 'मूजिज'मध्ये कानूनचा सगळा सारांश आहे, शरीररचनेचा भाग सोडून. नेमकं तेच वगळलेलं! पाठ्यपुस्तक गावोगावी पोचलं, शोध भाष्यात पडून राहिला. १९२४मध्ये मुहियुद्दीन तातावी नावाच्या एका इजिप्शियन तरुणाला, जर्मनीत डॉक्टरेट करताना, बर्लिनच्या ग्रंथालयात त्या भाष्याचं हस्तलिखित दिसलं आणि जगाला कळलं. कैरोच्या माणसाचं म्हणणं कैरोच्याच माणसाला कळायला बर्लिन गाठावं लागलं. चोरीची गोष्ट सांगण्यापेक्षा ही गोष्ट आपण एकमेकांना जास्त सांगायला हवी.

१२८८मध्ये तो वारला तेव्हा त्याने आपलं घर आणि पुस्तकं कैरोच्या मन्सूरी इस्पितळाला देऊन टाकली होती. हे वाचल्यानंतर एकदा स्टेशनकडे जाताना ससूनच्या दगडी इमारतीसमोर गाडी अडकली आणि मला उगाच एक दुवा जुळल्यासारखा वाटला. डेव्हिड ससून बगदादचे यहुदी. १७९२मध्ये तिथे जन्मले, अरबी बोलत मोठे झाले, १८६४मध्ये पुण्यात वारले, आणि त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे इस्पितळ १८६७मध्ये उघडलं. त्यांची कबर लाल देवळाच्या आवारात आहे. मन्सूरीला मुसलमान हकिमाची पुस्तकं मिळाली, पुण्याला बगदादी यहुद्याचा पैसा. त्या एप्रिलमध्ये ससूनच्या फाटकावर उभ्या असलेल्या माणसांना यातलं काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्यांना बेड हवा होता.

पण आकड्याकडे परत येऊ. आकडा नव्हता तेव्हा वैद्याच्या हातात दोनच गोष्टी होत्या, रुग्णाचं मनगट आणि रुग्णाचा रंग.

मनगटाचं शास्त्र आपल्याकडे फार पुढे गेलेलं होतं. इब्न सिनाने नब्ज पाहायच्या दहा बाजू सांगितल्या. तिचा पसरटपणा, जोर, वेग, धमनी भरलेली की रिकामी, गरम की गार, ठोके सारखे की विस्कळीत. चालींना नावं दिली. हरणासारखी उडी घेणारी गझाली, मुंगीसारखी बारीक आणि घाईची नमली. नमली चांगली खूण नव्हे. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाची नाडी आजच्या डॉक्टरलाही तशीच, बारीक आणि धावती, लागते. दख्खनमध्ये ही नब्ज आणि वैद्यांची नाडी शेजारी शेजारी नांदली. इतिहासकार म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या फरिश्त्याने विजापुरात बसून भारतीय वैद्यकावर फारसीत एक ग्रंथ लिहिला, 'दस्तूर-उल-अतिब्बा'. हकिमाने वैद्याचं ऐकावं, एवढी साधी त्यामागची गरज होती.

पण नाडी सांगते ती रक्ताच्या चालीची गोष्ट. त्यात हवा किती, हे तिला कळत नाही. त्यासाठी रंग. मराठीत आपण सहज म्हणतो, 'पोर काळंनिळं पडलं'. १९१८च्या इन्फ्लुएंझात डॉक्टर नेमकं हेच पाहत होते. ओठ, कान, नखं निळी-जांभळी झाली की माणूस हाती लागत नाही, असा अनुभव. जूनमध्ये मुंबई बंदरातून आलेली ती साथ रेल्वेने दख्खनभर गेली आणि मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं मेली. मात्र डोळा किती उशिरा ओळखतो याचा हिशेब १९४७मध्ये लागला. अमेरिकेत कॉमरो आणि बोटेल्हो या दोघांनी तपासून पाहिलं तर ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत बहुतेक पाहणाऱ्यांना निळेपणा खात्रीने दिसतच नव्हता. आणि सावळ्या-काळ्या कातडीवर तर तो त्याहूनही अवघड. 'काळंनिळं' या शब्दातल्या 'काळं'चं काय करायचं, हा प्रश्न लक्षात ठेवा. तो पुढे येणार आहे.

आयसीयू नावाची गोष्ट ज्या प्रसंगातून जन्मली तो प्रसंग कोपनहेगनचा, १९५२चा. पोलिओची साथ, ब्लेगडाम इस्पितळ. श्वसनयंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण जास्त येत होतं. सगळे म्हणत, रक्त अल्कलीकडे झुकलंय, हा काहीतरी गूढ विकार आहे. ब्यॉर्न इब्सेन नावाचा भूलतज्ज्ञ म्हणाला, विकार वगैरे काही नाही, रुग्णांचा श्वास पुरत नाहीये, म्हणून वायू साचतोय. आकडा बरोबर होता, वाचन चुकलं होतं. त्याने एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने रबरी पिशवी दाबून श्वास दिला आणि ती वाचली. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाळ्या लागल्या. जवळपास पंधराशे विद्यार्थ्यांनी त्या साथीत हाताने पिशव्या दाबल्या. पुढच्याच वर्षी इब्सेनने अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. अब्बांच्या डोक्याशी जो मॉनिटर होता त्याचा आजोबा म्हणजे त्या विद्यार्थ्यांचं रक्त-तपासणीच्या कागदाकडे लागलेलं लक्ष.

तो चिमटा मात्र जपानचा. ताकुओ आओयागी निहॉन कोहडेन कंपनीत अभियंता होते. त्यांना ऑक्सिजन मोजायचाच नव्हता! हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं ते कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, रक्तात रंगद्रव्य सोडून मोजायचं होतं. पण नाडीचा प्रत्येक ठोका त्यांच्या आलेखात लाट उठवी आणि मोजमाप बिघडवी. ती लाट पुसून टाकायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की हीच तर कामाची वस्तू आहे. कातडी, हाड, शिरांतलं रक्त हे सगळं प्रकाश अडवतं, पण एका जागी स्थिर राहून. ठोक्यासरशी कमीजास्त होतं ते फक्त धमनीतलं रक्त. म्हणजे जेवढा प्रकाश नाडीबरोबर हलतो तेवढाच धरला, तर धमनीतल्या रक्ताचा रंग कळेल. एक लाल किरण, एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन्ही किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. १९७४मध्ये कंपनीने पेटंटचा अर्ज केला. नंतर कंपनीचाच उत्साह मावळला आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी ते उपकरण ऑपरेशन थिएटरांत पोचवलं.

म्हणून त्या सिस्टरने 'लाट बघा' म्हटलं. आकडा त्या लाटेतूनच काढलेला असतो. लाट नसेल तर आकड्याला आई-बाप नाही.

आओयागी १८ एप्रिल २०२०ला, ८४व्या वर्षी वारले. साऱ्या जगात त्यांचा चिमटा औषधाच्या दुकानात शोधला जात होता, त्याच महिन्यात.

पुण्यात तेव्हा काय चाललं होतं? ९ मार्च २०२०ला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण इथेच सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत आपल्यावर काय काय गुदरलं ते या ब्लॉगच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. भाजीवाल्याचं नाव विचारलं जात होतं. तबलीगच्या लोकांवरचे गुन्हे रद्द करताना औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्टमध्ये, त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता बोलून दाखवली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याच एप्रिलमध्ये आझम कॅम्पसने आपल्या मशिदीचा मोठा हॉल विलगीकरणासाठी देऊ केला, ही बातमी मात्र तेवढ्या वेगाने फिरली नाही. ऑगस्टअखेर शिवाजीनगरला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचं जम्बो उभं राहिलं. १५ सप्टेंबरपासून राज्य सरकारची 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन फिरायला लागले. ९५च्या खाली दिसला की पुढे पाठवायचं. आमच्या इमारतीतल्या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा 'एसपीओटू' हा शब्द उच्चारला तो तेव्हा. सहा मिनिटं गच्चीत चालून पुन्हा मोजायचं, हेही सगळ्यांना पाठ झालं.

दुसऱ्या लाटेत हा आकडा सल्ल्याचा राहिला नाही, दरवाजाचा झाला. एप्रिल २०२१च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ९० ते ९३ म्हणजे मध्यम आजार, दाखल करा. त्याहून वर असेल तर घरी राहा. खाटाच नसताना कुठेतरी रेघ मारावी लागते, हे मला समजतं. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि दाब उतरल्याने किमान २२ माणसं गेली, अशा काळात कोण कोणाला दोष देणार? पण रेघ मारणाऱ्यांनी आणि आम्हीही एक गोष्ट विचारली नाही. ती रेघ सगळ्यांच्या कातडीवर एकाच जागी उमटते का?

याचं उत्तर तेव्हा छापून झालेलं होतं. डिसेंबर २०२०मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीच्या रक्तात प्रत्यक्षात ८८हून कमी ऑक्सिजन सापडला असे कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के नमुने होते, गोऱ्यांत ३.६ टक्के. चिमट्यातला प्रकाश कातडीतल्या रंगद्रव्यातूनही जातो. तो आकडा ज्या कोष्टकावरून काढतात ते निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांचं रक्त तपासून बनवलेलं असतं, आणि ती माणसं बहुतेक गोरी होती. हे काही नवं नव्हतं. १९९०मध्येच जुब्रान आणि टोबिन यांनी दाखवलं होतं की व्हेंटिलेटरवरच्या गोऱ्या रुग्णाला ९२ पुरेसं धरलं तर काळ्या रुग्णाला ९५ धरावं लागेल. तीस वर्षं ते जर्नलमध्ये पडून राहिलं. इब्न अल-नफीसच्या भाष्यासारखंच, फक्त या वेळी छापील. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चाचणीत दीडशे किंवा त्याहून जास्त माणसं आणि सगळे वर्ण घ्यावेत असा मसुदा काढला तो जानेवारी २०२५मध्ये. आपल्याकडे सरकारने जुलै २०२१मध्ये ऑक्सिमीटरवरचा नफा ७० टक्क्यांवर बांधून दिला. किंमत उतरली, बरं झालं. रंगाचं कोणी विचारलं नाही, आणि आपला देश तर सावळ्यांचा.

अब्बा गोरे आहेत. नातेवाईक त्यांना पठाण म्हणून चिडवतात. त्यांचा ९१ बहुधा खरोखर ९१च होता.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मामू राहायचे. मार्केट यार्डात हमाली केलेले, मूळ उस्मानाबादकडचे, उन्हाने आणि जन्माने काळेभोर. आमचा चिमटा इमारतीतल्या अकरा घरांत फिरत होता. मेडिकलवाल्याने तो चौपट भावाने दिला होता आणि प्रत्येकाला घेणं शक्य नव्हतं. मामूंना ताप होता, दमल्यासारखं होत होतं. त्यांच्या मुलाने दोन ठिकाणी नेलं. दोन्हीकडे बोट तपासून सांगितलं, आकडा चांगला आहे, घरी झोपवा. धमनीचं रक्त कोणी काढलं नाही, काढण्याइतकी उसंतही कोणाला नव्हती. मामू चिमट्यामुळे गेले असं मी म्हणू शकत नाही. ते म्हणायला जी तपासणी लागते तीच झाली नव्हती.

अब्बा १९ दिवसांनी, ईदच्या आठवडाभर आधी घरी आले. त्या सिस्टरने त्यांना एक गोष्ट शिकवून पाठवलं होतं. बोटाचं नख दाबायचं, पांढरं पडलं की सोडायचं आणि गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला गुंतवायला दिलेला खेळ असेल. नंतर वाचलं की २०१९मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांतल्या २८ आयसीयूंनी ४२४ अत्यवस्थ रुग्णांवर हेच करून पाहिलं होतं. रक्ताच्या महागड्या तपासणीवर नजर ठेवून उपचार केलेल्यांपेक्षा, बोट दाबून त्यावर उपचार ठरवलेले रुग्ण जास्त वाचल्यासारखे दिसले. ३४.९ टक्के मृत्यू विरुद्ध ४३.४. आकडेशास्त्राच्या कसोटीवर तो फरक थोडक्यात हुकला, पण बोट दाबणं कुठेही मागे पडलं नाही. जुन्या हकिमाने हे वाचलं असतं तर त्याला फार आश्चर्य वाटलं नसतं. अब्बा अजूनही फजरनंतर खिडकीपाशी बसून नख दाबतात.

त्या दिवसांत चिमटा कोणाकडे गेला आणि काय दिसलं, हे अम्मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायची. गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती वही सापडली. अब्बांचं पान भरलेलं आहे, खाडाखोडीसकट. त्याच्या पुढच्या पानावर 'खालचे मामू' असं लिहून तीन ओळी आहेत. सकाळ ९५. संध्याकाळ ९५. दुसऱ्या दिवशी सकाळ ९४. त्यानंतर तेल, साखर, खजूर.